बायोमेडिकल एम.टेक. निवडताना आधी काय पाहाल?

रँकिंगची यादी तूर्त बाजूला ठेवा. ते क्रमांक बहुतेक पूर्ण संस्थेचे किंवा सगळ्या इंजिनिअरिंगचे असतात, तुमच्या विभागाचे नसतात.

पहिलं काम म्हणजे विभागाच्या पानावरून प्राध्यापकांची यादी काढा. तुम्हाला ज्यात रस आहे (इमेजिंग, बायोमटेरियल्स, बायोमेकॅनिक्स, उपकरणं) त्यात सध्या काम करणारे किमान तीन जण हवेत. एकाच्याच भरवशावर प्रवेश घेणं ही नवख्यांची सर्वात मोठी चूक. ते रजेवर गेले किंवा त्यांच्याकडे जागा नसली, की प्रबंधाचा विषय मिळेल तो घ्यावा लागतो. शेवटच्या दोन-तीन वर्षांतले शोधनिबंध वाचा आणि त्यांत विद्यार्थ्यांची नावं आहेत का, तेही बघा.

मग रुग्णालय. 'टाय-अप आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. विद्यार्थी वॉर्डात किती आठवडे असतात, ते विचारा. आयआयटी मद्रास, वेल्लोरचं सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा वैद्यकीय संस्था मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचं एम.टेक. चालवतात, तुलनेला तो नमुना उत्तम आहे.

सध्याच्या दोन विद्यार्थ्यांना हे नक्की विचारा:
- प्रबंध वेळेत संपतो का?
- स्टायपेंड दरमहा येतो का?
- मागच्या बॅचला उपकरण कंपन्यांत काम मिळालं, की सॉफ्टवेअरमध्ये?

गेट या प्रवेश परीक्षेचा बीएम (बायोमेडिकल) पेपर २०२० पासून आहे, पण काही ठिकाणी ईसी (इलेक्ट्रॉनिक्स), ईई (इलेक्ट्रिकल), एमई (मेकॅनिकल) हे पेपरसुद्धा चालतात. पात्रता आधी तपासा. पीएच.डी.चा विचार पहिलं सत्र झाल्यावर करा.