आधी भुसा ओळख

भुशातून साखर काढायला एन्झाइम कोणतं घेऊ, असं विचारतोस. मी म्हणेन, आधी भुसा हातात घे. त्यातलं सेल्युलोज, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, लिग्निन नावाच्या चिवट पदार्थाने घट्ट लिंपलेलं असतं. ते आवरण सैल झाल्याशिवाय सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारं एन्झाइम) कितीही ओत, साखर सुटायची नाही. म्हणून बारीक दळ, हातमोजे घालून सौम्य अल्कलीत भिजव आणि अल्कली निघेपर्यंत पाण्याने धू; मग सौम्य आम्लाने सामू (pH) 5 च्या आसपास आण. ही धुलाई कंटाळवाणी खरी, पण माझे सुरुवातीचे प्रयोग तिथेच फसले.

ट्रायकोडर्मा रीसाय ही बुरशी सेल्युलेज भरपूर देते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सैन्याचे सुती तंबू कुजवणारी हीच! मात्र तिच्यात बीटा-ग्लुकोसिडेज, म्हणजे शेवटचा तुकडा तोडून ग्लुकोज देणारं एन्झाइम, कमी. त्यामुळे सेलोबायोज (दोन ग्लुकोजची न तुटलेली जोडी) साचतं आणि तेच सेल्युलेजला अडवतं. ॲस्परजिलस नायजर या दुसऱ्या बुरशीचं हे एन्झाइम थोडं जोड, 50 अंश सेल्सिअसला ठेव, फरक दिसेल.

बुरशी पिशव्यांत थेट भुशावर वाढवणार असशील तर ओल मुठीत तपास. दाबल्यावर बोटं ओलसर व्हावीत, पाणी ठिबकू नये. पाणी जास्त झालं की हवा कोंडते, जिवाणू माजतात, आंबट वास सुटतो. तशी पिशवी लगेच बाजूला काढ; जीव तुटतो, पण बाकीच्या वाचतात.