'उचल' म्हणजे ॲडव्हान्सच का? आणि कोयत्याला पैसे कसे?

प्रश्न असा आहे: 'साखर संकुलातल्या (पुण्यातलं साखर आयुक्तालय) बैठकीच्या बातमीत "एका कोयत्याला लाखाची उचल" असं वाचलं. हत्याराला पैसे कसे देतात? आणि उचल म्हणजे ॲडव्हान्सच असेल तर सरळ तसं का लिहीत नाहीत?'

कोयत्याचं आधी उरकतो. ऊसतोडीत कोयता म्हणजे दोन माणसांची जोडी, बहुतेक वेळा नवरा-बायको. ऊस तोडणं, पाचट काढणं, मोळ्या बांधणं, मोळी डोक्यावरून गाडीपर्यंत नेणं, हे सगळं मिळून एका कोयत्याचं काम. बापलेक किंवा दोघे भाऊही एक कोयता होतात. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. 'टोळीत बारा कोयते आहेत' म्हणजे चोवीस माणसं. सोबत आलेली पोरं या हिशेबात धरत नाहीत, मोळ्या ओढत असली तरी.

आता उचल. ॲडव्हान्स हा शब्द मजूरही वापरतात, त्यामुळे तो चूक म्हणता येणार नाही. पण पुण्यातल्या ऑफिसात जो ॲडव्हान्स घेतात तो ठरलेल्या पगारातून ठरलेल्या हप्त्यांनी कापला जातो. सरकारी मराठीत त्याला 'अग्रिम' म्हणतात. नोकरी आधी असते, अग्रिम नंतर. उचलीत क्रम उलटा आहे: पैसे आधी घेतले म्हणून काम करावं लागतं. शब्दाबरोबरची क्रियापदं पाहा. उचल 'फिटते', 'अंगावर राहते', 'बुडवली' जाते. ही सगळी कर्जाची क्रियापदं आहेत, पगाराची नव्हेत.

पैसा वरून खाली येतो तो असा. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो आणि मुकादम बीड, जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगर भागातल्या गावांत आणि तांड्यांवर जाऊन कोयते बांधतो ('कोयते बांधणे' हा तिथलाच वाक्प्रचार). वरच्या पायऱ्यांवर स्टॅम्पपेपर असतो. खालच्या पायरीवर बहुधा मुकादमाची वही. उचल वाटली जाते पावसाळ्यात, म्हणजे बियाणं, शाळा, दवाखाना आणि लग्नाची देणी एकदम उभी राहतात तेव्हा. गावात काम नाही आणि बँक दारात उभी करत नाही, अशा वेळी लाख रुपये रोख देणारा माणूस एकच असतो. टोळी निघते मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास.

ती फिटते कशी, हे आकड्यांत बघू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. मुकादमाचं कमिशन याच्यावर वेगळं. या दराने लाखाची उचल फेडायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन तोडतो. दोन टनांनी धरलं तरी १३७ दिवस, दीड टनाने १८२. पाऊस कमी झाला, ऊस कमी पडला की हंगाम तीन महिन्यांतच आटोपतो, आणि मग ही बेरीज कुठल्याच बाजूने जमत नाही. उरलेली रक्कम म्हणजे 'बाकी'. ती पुढच्या वर्षीच्या उचलीत धरली जाते, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणं आलं. त्यात 'खाडा' आहे. शहरात खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी नाही, एवढंच. ऊसतोडीत खाड्याला वरून दंड लागतो आणि तो उचलीत वाढतो. आजारपण, पाळी, बाळंतपण, सगळं खाड्यात. फडावर रोजचा मीठमिरचीचा खर्च भागतो तो बऱ्याचदा वाढे विकून. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गुरांची वैरण.

म्हणून 'आगाऊ मजुरी' असा भाषांतरकारांचा आवडता प्रतिशब्द मला फसवा वाटतो. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्यातही अग्रिम आहेच: तो घेतल्यामुळे माणसाला नाममात्र मजुरीवर राबावं लागलं, दुसरीकडे काम करण्याची किंवा कुठेही जाण्या-येण्याची मोकळीक गेली, तर ती वेठबिगारी, आणि ते कर्ज फेडण्याचं बंधन संपतं. प्रत्येक उचल अशी नसते. पण हिशेब मिटेपर्यंत घरच्यांना अडकवून ठेवल्याच्या बातम्या येतात, तेव्हा 'ॲडव्हान्सचा वाद' हे शीर्षक फारच सौम्य पडतं.

याच कुळातले, पण वेगळे शब्द: 'विसार' व्यवहार पक्का करायला देतात, जमिनीचा किंवा घराचा. 'उचापत' म्हणजे दुकानातून उधारीवर नेलेला माल. हा शब्द आता मागे पडला. 'खर्ची' मात्र पुण्यात रोज ऐकू येते: बांधकामावर किंवा वीटभट्टीवर ठेकेदार आठवड्याला खाण्यापिण्यापुरते जे देतो ते, पूर्ण हिशेब काम संपल्यावर. सालगड्यालाही उचल असते, त्याचं साल पाडव्याला बदलतं.

वारज्याच्या किंवा डांगे चौकातल्या मजूर अड्ड्यावर (मुंबईकर त्याला नाका म्हणतात) उचल चालत नाही. तिथे संध्याकाळी रोकडा. तिथला चलनी शब्द 'हजेरी'. 'बिगाऱ्याची हजेरी काय?' म्हणजे दिवसाचा दर काय. उशिरापर्यंत थांबवलं तर दीड हजेरी. बिगारी हा शब्द फारसीतल्या 'बेगार'वरून, म्हणजे फुकट राबवून घेणं. आज तोच बिगारी पैसे ठरवल्याशिवाय टेम्पोत पाय ठेवत नाही.

लिहिताना एवढं सांभाळा: उचल स्त्रीलिंगी, 'उचलीवर', 'उचलीपोटी'. 'उचल खाणे' (दुखण्याने, वादाने) याच्याशी गल्लत नको. अनेकवचन 'उचली'. 'दोघांच्या उचली घेतल्या' (म्हणजे एकाच हंगामासाठी दोघांकडून) ही मुकादमांची मजुरांबद्दलची आणि वाहतूकदारांची मुकादमांबद्दलची नेहमीची तक्रार. पोलिसांत जातं ते बहुतेक दुसरं प्रकरण.