आंतरवासितेत मार्गदर्शक बाईंना कोणती उद्दिष्टं लिहून द्यावीत?

तुम्ही लिहिलंय की बी.एड.ची आंतरवासिता, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, ठाण्यातल्या शाळेत सुरू होतेय, मार्गदर्शक बाईंनी 'स्वतःच्या विकासाची तीन उद्दिष्टं लिहून आणा' असं सांगितलंय आणि वही कोरीच आहे.

मी ऐरोलीत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. माझ्याकडेही छात्राध्यापक, म्हणजे तुमच्यासारखे बी.एड.चे विद्यार्थी, येतात. बहुतेकांच्या वहीत 'अध्यापन प्रभावी करणे', 'अध्ययन आनंददायी करणे' असंच असतं. वाचायला बरं वाटतं, पण मागच्या बाकावर बसून तुमचा पाठ बघताना मी नेमकं काय बघू? पस्तीस मिनिटांच्या तासात बघणाऱ्याला डोळ्यांनी दिसेल, मोजता येईल, असंच उद्दिष्ट लिहा.

मलाही हे कुणीतरी दाखवावंच लागलं. माझी आंतरवासिता वागळे इस्टेटजवळच्या एका शाळेत झाली. पाठाचं टाचण चोख, फलकलेखन नीटनेटकं, वर्ग छान बोलतोय अशी माझी खात्री. माझ्या मार्गदर्शक बाईंनी कागदावर बाकांचा नकाशा काढला आणि ज्या मुलाला मी प्रश्न विचारला त्याच्या जागी टिंब देत गेल्या. तास संपल्यावर कागद माझ्या हातात दिला. तेरा टिंबं होती. त्यातली अकरा पुढच्या दोन बाकांवर, खिडकीकडच्या रांगेत एकही नाही. त्या रांगेतल्या मुलांची नावंसुद्धा मला येत नव्हती. त्याच दुपारी हजेरीपट घेऊन बसले आणि पहिलं उद्दिष्ट लिहिलं: रोज खिडकीकडच्या रांगेत किमान चार प्रश्न, नाव घेऊन. पंधरा दिवसांनी बाईंनी पुन्हा नकाशा काढला, तो कागद अजून माझ्याकडे आहे.

दुसरं उद्दिष्ट थांबण्याचं घ्या. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती अभ्यासून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. वर्गासमोर उभं राहून तीन सेकंद मोजून बघा, फार मोठे वाटतात. बाईंना घड्याळ लावायला सांगा.

तिसरं मात्र माझ्याकडून घेऊ नका, तुमच्या वर्गातून येऊ द्या. आमच्याकडे एकाच बाकावर घरी आगरी बोलणारा आणि भोजपुरी बोलणारी असे दोघं बसतात. 'बाष्पीभवन' फळ्यावर लिहिण्याआधी, दोरीवरचे कपडे वाळतात तेव्हा पाणी कुठं जातं, हे ती आपापल्या शब्दांत सांगतात आणि मग संज्ञा येते. माझ्या एका छात्राध्यापिकेचं उद्दिष्ट तेच होतं: प्रत्येक नव्या संज्ञेआधी मुलांचे दोन तरी शब्द फळ्यावर. तुमच्या वर्गाची अडचण वेगळीच असेल. म्हणून बाईंना विनंती करा की पहिला आठवडा मी नुसती निरीक्षणं करते, वही पुढच्या सोमवारी देते. कुठल्याही चांगल्या मार्गदर्शकाला हे आवडेल.

तीन लिहिली तरी एका वेळी एकच हातात घ्या. एनसीटीई या शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या २०१४च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेतला काळ किमान २० आठवड्यांचा असतो. ऐकायला भरपूर, पण त्यातच चाचण्या, सहामाही, स्नेहसंमेलनाची तयारी येते आणि सलग पाठ मिळतात ते थोडेच.

बाईंनी वहीत 'छान' असा शेरा दिला तर नम्रपणे विचारा, 'बाई, उद्याच्या तासात एवढी एकच गोष्ट मोजून द्याल का?' हे मधल्या सुट्टीत विचारू नका, तेव्हा त्यांना पाणी प्यायलाही वेळ नसतो. त्यांचा ऑफ तास कधी असतो ते वेळापत्रकात बघून सोमवारीच दहा मिनिटं मागून ठेवा, कारण कुणी रजेवर गेलं की तो तासही बदलीत जातो.