वीस माद्या आणि एक मुलगा

प्रश्न : मुलगा वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणी त्याला सापांचं वेड होतं. अभ्यास बुडतो म्हणून आम्ही ते बंद केलं. आता ते पुन्हा उसळलंय. मी बॉल पायथनच्या (हा आफ्रिकेतला लहान, बिनविषारी अजगर) ब्रीडिंगचा हिशेब काढला : वीस माद्या, प्रत्येकीची सहा अंडी, वर्षाला 120 पिल्लं. कर्जाची तयारी आहे. तो मात्र टाळाटाळ करतो. त्याला कसं तयार करू?

उत्तर : तुमच्या पत्रात माद्या आहेत, अंडी आहेत, कर्ज आहे. मुलगा फक्त टाळाटाळ करण्यापुरता आहे. आधी अभ्यासासाठी तुम्ही त्याचे साप काढून घेतलेत, आता धंद्यासाठी पुन्हा काढून घेताय. प्रेमापोटीच, हे मान्य. पण ज्याला एक आवड वर्षानुवर्षं दडवावी लागली, तो ती परत सापडल्याबरोबर तुमच्या वहीत का मांडू देईल? त्याला काय हवंय, हे तुम्ही विचारलंत का? नुसतं पाहायचं, एखादा पाळायचा, अभ्यास करायचा की विकायचं? पत्रावरून तरी विचारलेलं दिसत नाही.

आता ते 120. मादी साधारण दीड किलोची होईपर्यंत जाणते ब्रीडर तिची जोडी लावत नाहीत. त्यात बहुधा तीनेक वर्षं जातात. पुढेही ती दरवर्षी अंडी देईलच असं नाही. हा साप कधीकधी महिनोन्‌महिने खाण्याला तोंड लावत नाही, आणि खंगलेल्या मादीकडून अंडी काढणं हा निव्वळ दुष्टपणा आहे. अंडी 31-32 अंश सेल्सिअसला सुमारे दोन महिने उबवायची. मग पिल्लं नीट खाऊ लागेपर्यंत सांभाळायची, म्हणजे उंदीरही आलेच. नव्या रंगाच्या मॉर्फला, म्हणजे वेगळ्या रंग-नक्षीच्या आनुवंशिक प्रकाराला, भाव चढा मिळतो खरा, पण पिल्लाबरोबर त्याची जनुकंही गिऱ्हाइकाच्या घरी जातात. तो स्वतः पैदास करतो आणि भाव पडतो. ‘स्पायडर’ मॉर्फची नक्षी देखणी असते. त्याच जनुकासोबत डोकं डुगडुगण्याचा, तोल जाण्याचा दोषही येतो. अशी जोडी लावायची का, हे आकडेमोडीत बसत नाही. न विकलेली पिल्लं तुमच्याच घरात, आणि हा प्राणी सहज 20-30 वर्षं जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुइस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने 2020 मध्ये साठी उलटल्यावर अंडी घातली होती!

शिवाय सगळे अजगर साइटिस कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, परिशिष्टांत आहेत. देशातला वन्यजीव कायदा त्याहून कडक असू शकतो. परवानगी कागदावर हातात पडेपर्यंत एकही साप घरात आणू नका.

पशुवैद्यक किंवा प्राणिशास्त्राकडे जायचं तर प्रवेशाच्या अटी पुन्हा पहिल्यापासून पुऱ्या कराव्या लागतील. ते त्याने मागितलं तरच बघा. तूर्त पदवी होऊ द्या. सुट्टीत एखाद्या प्राणिसंग्रहालयाच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागात स्वयंसेवक म्हणून पिंजरे धुण्याचं, नोंदी ठेवण्याचं काम मिळतं का, ते त्याचं त्याला शोधू दे. तुम्ही फोन करू नका.

आणि कर्जाचा अर्ज भरला असेल तर मागे घ्या.