उंचावरचा नको, बुडाचा धर

पोरा,

तुझ्या बोरीचे फोटो दोनदा पाहिले. बांध पेटवताना खोड भाजलं, आखाजीपर्यंत वाळून कोळ झालं, आणि आता फुटवे आलेत. तुझा घोळ कळला. कंबरेएवढ्या उंचीवर निघालेल्या एका फुटव्याला मेहरूणच्या, म्हणजे जळगावकडच्या त्या कलमी जातीच्या बोरीची रुंद, गोल पानं आहेत. बुडाशी आठ-दहा फुटवे आहेत, पण पानं बारीक आणि काटे आकड्यांसारखे. म्हणजे ते कलमाच्या सांध्याखालून आलेले, रानबोरीचे. म्हणून तू वरचा ठेवायला निघालास.

नाही. बुडाचाच धर.

वरचा फुटवा सालीच्या एका हिरव्या पट्टीवर जगतोय. नखाने खरवडून बघ, पट्टीच्या दोन्ही बाजूंना तपकिरी, कोरडंच लागेल. आतलं लाकूड मेलंय. पावसाळ्यात ते कुजणार, उधई चढणार. फुटव्याला फांद्यांचं ओझं आलं की वळवाच्या एखाद्या वावटळीत तो सालीसकट फाटून खाली येईल, तेही तीन-चार वर्षं राबून झाल्यावर. बुडाचा थेट मुळाच्या मानेवर बसतो आणि स्वतःचं लाकूड भरत जातो. लोक मला हट्टी म्हणतात. म्हणू देत. उंचीला भुलून वर्षं घालवायची ती मी घालवून बसलोय.

मग मेहरूणची चव कुठून येणार? वरच्याच फुटव्यातून. यंदा त्याला डोळकाडीसाठी, म्हणजे कलमाचे डोळे काढायच्या काडीसाठी राख, झाड म्हणून नको.

बुडाची माती बोटांनी चार इंच बाजूला सार. जिवंत, ओल्या सालीतून निघालेले तीन फुटवे निवड, शक्यतो तीन दिशांचे. हलकेच हलवून बघ, फुटव्याच्या बुडाशी साल उचकत असेल तर तो बाद. बाकीचे लगेच मुळापासून कापू नकोस, नुसते शेंडे खुड. एवढ्या जुन्या मुळाला पोसायला पानं लागतात. युरिया तर अजिबात नको. फुटवे लुसलुशीत होऊन मोडतात.

आषाढात फुटवे पेन्सिलीएवढे जाड झाले की तिन्हींवर डोळा भर, म्हणजे वरच्या फुटव्याचा डोळा सालीत बसव. जमिनीपासून वीतभर उंचीवर, साल सुटत असताना. डोळा यंदाच्या काडीचा घे, इंचभर सालीसकट. पान काप पण देठ ठेव. पट्टी घट्ट बांध, डोळा मोकळा सोड. पंधरा-वीस दिवसांनी देठाला बोट लाव. सहज गळला तर डोळा धरला. वाळून चिकटून राहिला तर गेला. तीन ठेवायला सांगितलं ते याचसाठी. धरलेल्या डोळ्याच्या वर चार बोटं सोडून रानफुटवा छाट. तिन्ही धरले तर पुढच्या उन्हाळ्यात सर्वांत खालचा आणि सरळ तेवढा ठेव. पुन्हा सांगतो, सर्वांत खालचा.

मेलेलं खोड दिवाळीनंतर कोरड्या हवेत उतरव. करवतीने, कुऱ्हाडीने नाही. कुऱ्हाडीच्या दणक्याने बुंधा चिरतो आणि चीर मुळापर्यंत जाते. कापाचा उतार फुटव्यांच्या उलट बाजूला दे. कापावर बोर्डो मलम लाव. 100 ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, 100 ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत एकत्र. लोखंडी सुरी बुडवून बघ. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाल. मलम त्याच दिवशी संपव.

डोळ्याखालून रानबोर फुटत राहणार, यंदाही आणि दहा वर्षांनीही. कोवळं असतानाच अंगठ्याने चोळून काढ, दर आठवड्याला. एक पावसाळा दुर्लक्ष केलंस तर मेहरूण दबेल आणि रानबोर माजेल. आणि वाळलेल्या फांद्या चुलीत घालू नकोस. बुडापासून दोन हात लांब त्यांचंच काटेरी कुंपण कर, कारण बोरीचा कोवळा पाला शेळ्यांना लांबूनच कळतो.