वाचकांचे प्रश्न : पानगळ बघायला जहाज की गाडी?

प्रश्न : ऑक्टोबरात नऊ दिवसांची रजा मिळते आहे. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातली लाल-पिवळी झाडं बघायची आहेत. बरोबर ७२ वर्षांच्या सासूबाई (गुडघे दुखतात) आणि दहा वर्षांचा मुलगा. गाडी चालवणारी मी एकटीच. नवरा म्हणतो क्रूझ घेऊ, दगदग नको. काय करावं?

उत्तर : झाडांसाठी जात असाल तर गाडीच घ्या. रंग उत्तरेकडे आणि डोंगरात आधी चढतो, मग दक्षिणेकडे आणि सगळ्यात शेवटी किनाऱ्याला उतरतो. मेन राज्याच्या उत्तर भागात आणि न्यू हॅम्पशायर राज्याच्या डोंगरांत सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा भराचा काळ. मेनमधल्या बार हार्बरसारख्या किनाऱ्यावरच्या गावात तोच रंग साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर येतो. म्हणजे सप्टेंबरमधली 'पानगळ क्रूझ' बंदराबंदरांतून बहुतेक हिरवी झाडंच दाखवते. शिवाय हवामानानुसार रंग आठवडाभर मागेपुढे होतो, जहाजाची तारीख होत नाही. गाडीवाल्याला रंग फिका वाटला, तर तासभर उत्तरेला किंवा दोन-तीनशे मीटर वर जाता येतं.

गुडघ्यांसाठी जहाज सोयीचं, हे अर्धंच खरं. लिफ्ट असते, बॅग एकदाच सोडायची असते, हे सगळं कबूल. पण बार हार्बरला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते खाडीत नांगर टाकतं आणि माणसं टेंडर म्हणजे छोट्या बोटीनं किनाऱ्यावर नेतात. हलत्या बोटीत पाऊल टाकायचं असतं. लाटा असल्या की व्हीलचेअर उतरवत नाहीत, वारा वाढला तर ते बंदरच गाळतात. क्रूझ घेतलीच, तर वेळापत्रकात कुठल्या बंदरापुढे 'टेंडर' लिहिलंय ते आधी मोजा.

गाडीच्या सहलीत दगदग होते ती रोज बॅगा भरल्यामुळे. म्हणून मुक्काम दोनच ठेवा : एक न्यू हॅम्पशायरमध्ये नॉर्थ कॉनवेच्या बाजूला, दुसरा व्हरमाँटमध्ये स्टोच्या बाजूला. रोज तीन तासांपेक्षा जास्त चालवू नका. नकाशा जो वेळ सांगेल त्यात एक तृतीयांश मिळवा, कारण रंगाच्या दिवसांत पुढची गाडी दर वळणावर थांबते. कॅन्कामॅगस हायवे कॉनवेहून लिंकनपर्यंत जेमतेम ५५ किलोमीटर, पण त्याला अर्धा दिवस द्या. वाटेत एकही पेट्रोल पंप नाही आणि फोनची रेंज बऱ्याच ठिकाणी जाते, तेव्हा टाकी भरून आणि नकाशा डाउनलोड करूनच निघा. सकाळी कॉनवेकडून निघालात तर सूर्य पाठीशी राहतो. डोळ्यांवर ऊन येत नाही आणि समोरची झाडं उजळलेली दिसतात. थांब्यांवरच्या पार्किंगच्या जागा उशिरा निघणाऱ्याला मिळत नाहीत.

ऑक्टोबरचा दुसरा सोमवार अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडे सुट्टीचा असतो. तो शनिवार-रविवार टाळा. टाळता येत नसेल, तर खोली कित्येक महिने आधी घ्या. त्या दिवसांत बरेच लॉज किमान दोन-तीन रात्री घ्यायला लावतात. आणि महिन्याच्या मध्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्याच वेळी मूस (हरणाच्या कुळातला उंच, अवजड प्राणी) आणि हरणं रस्त्यावर येतात, मूसच्या माजाचे हे दिवस. मूसचे पाय इतके उंच असतात की हेडलाइटचा उजेड त्याच्या डोळ्यांऐवजी पोटाखाली पडतो, त्यामुळे तो उशिरा दिसतो. साडेपाचला खोलीवर असणं बरं.

प्रश्न : भाड्याची गाडी पहिल्यांदाच घेतोय. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडणार. काय पाहावं?

उत्तर : आधी 'वन-वे' आकार बघा. कधीकधी तो गाडीच्या भाड्याच्या बरोबरीचा निघतो, मग फेरी गोल आखणं स्वस्त पडतं. अपघात विम्यात अपघात झाल्यास तुमच्या खिशातून किती जाणार तो आकडा विचारा, आणि काच, टायर, गाडीचा तळ त्यात धरलाय का तेही. अनेकदा हेच तीन वगळलेले असतात. डिपॉझिट सहसा मुख्य चालकाच्या नावच्या क्रेडिट कार्डावरच धरतात, त्यामुळे डेबिट कार्ड घेऊन काउंटरवर उभं राहिलं की अडतं. दुसरा चालक असेल तर त्याचं नाव करारात घाला. नाव नसलेला माणूस चालवताना धडक झाली तर विमा हात वर करतो. सीमा ओलांडायची असेल तर तेही करारात लिहून घ्या.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, चाकांच्या रिम, छप्पर आणि पेट्रोलचा काटा यांचा व्हिडिओ करा, परत देतानाही. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना बघा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआय कमी होतो, म्हणून पहाटेच्या गारठ्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. तो लागला म्हणजे पंक्चरच असं नाही, पण दाब मोजून हवा भरा. ओल्या पानांवर ब्रेक लांब लागतो, तेव्हा वळणाआधीच वेग उतरवा.

प्रश्न : जाहिरातीत क्रूझ हॉटेलपेक्षा स्वस्त दिसते. खरंच असते का?

उत्तर : जाहिरातीतला भाव माणशी असतो, आणि तोही खोलीत दोघं धरून. एकट्यानं जायचं तर बहुधा दुप्पट नाही तर त्याच्या जवळपास पडतं. त्यावर कर आणि बंदर शुल्क, माणशी दर दिवसाची टिप, वाय-फाय, पेयं आणि प्रत्येक बंदरातली फेरी मिळवा. गाडीच्या बाजूला पेट्रोल, टोल, पार्किंग, हॉटेलवरचा कर आणि जेवण लिहा. मग दोन्हींना माणसं आणि रात्री यांनी भागा. दोघांसाठी बिनखिडकीची केबिन बऱ्याचदा जिंकते. चौघांसाठी मात्र गाडी आणि एकच मोठी खोली. हाताशी दोन आठवडे असतील तर या ऋतूत जहाजं युरोपातून कॅरिबियनकडे बदली होऊन जातात, त्या फेऱ्या स्वस्त असतात. पण सलग पाच-सात दिवस नुसतं पाणी आणि परतीचं विमान वेगळं!

प्रश्न : सप्टेंबरच्या क्रूझचं बुकिंग झालंय. बोट लागते, आणि वादळाची भीती वाटते.

उत्तर : केबिन खालच्या डेकवर, जहाजाच्या मधोमध मागा. तिथे झोका सगळ्यात कमी. जहाजाचे स्टॅबिलायझर डावी-उजवीकडचं डोलणं कमी करतात, पुढे-मागे आपटणं नाही. गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, कुठली ते डॉक्टरांना विचारून ठरवा. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि १० सप्टेंबरच्या आसपास तो शिगेला असतो. जहाज वादळाला वळसा घालतं, तेव्हा जिवाची काळजी नको, बंदर बदलेल याची तयारी ठेवा. बंदर गाळलं तर सहसा फक्त त्याचं शुल्क परत येतं. विमा आताच काढा. वादळाला नाव पडल्यानंतर काढलेला विमा बहुतेक कंपन्या त्या वादळासाठी मानत नाहीत.

आणखी एक, जे ऐनवेळी अडवतं. १८८६ च्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशी झेंड्याचं, म्हणजे परदेशात नोंदलेलं जहाज (मोठी क्रूझ जहाजं बहुतेक तशीच असतात) फक्त अमेरिकी बंदरांमधून प्रवासी फिरवू शकत नाही. म्हणून न्यू इंग्लंडच्या फेऱ्यांत हॅलिफॅक्स किंवा सेंट जॉनसारखं कॅनडाचं बंदर असतंच. तुमच्या पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागत असेल तर तो हवाच, शिवाय परत येण्यासाठी अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा असावा. हे कागद धक्क्यावरच तपासतात आणि नसतील तर जहाजावर चढू देत नाहीत, पैसेही परत मिळत नाहीत.