रूळ टाकले, मग गाडी का सुटत नाही?

मुंबई–अहमदाबाद अतिजलद रेल्वेमार्गाविषयी गेल्या दोन महिन्यांत बरीच पत्रे आली. तिकिटाचा दर आणि जमिनीचा मोबदला हे माझ्या अभ्यासाचे विषय नाहीत, म्हणून ती पत्रे बाजूला ठेवून बांधणी आणि चाचणी यांविषयीच्या पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. माझी सारी नोकरी रुळांच्या देखभालीत झाली. त्यामुळे उत्तरांत रुळांचा पक्ष थोडा अधिक घेतला गेला, तर वाचकांनी समजून घ्यावे.

आमच्या घराच्या गच्चीवरून या मार्गाचे खांब दिसतात. गुजरातेत पुलांवर रूळही पडल्याचे वाचले. मेट्रोची चाचणी काही महिन्यांत उरकते. मग या गाडीला एवढा काळ का लागावा? गाडी एकदा पूर्ण वेगात नेऊन पाहिली की झाले, असे नाही का? — एक वाचक, बोईसर

असे नाही, आणि त्याचे कारण वेगातच आहे. या गाडीचा ठरलेला वेग ताशी ३२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ८९ मीटर. आपल्याला दिसणाऱ्या त्या पुलाचा एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, साधारण ४० मीटरचा आहे. अशा गाळ्याचे अखंड काँक्रीट गर्डर ९७० टनांच्या आसपास वजनाचे असतात आणि ते यार्डात ओतून मग उचलून खांबांवर बसवले जातात. हा गाळा गाडी अर्ध्या सेकंदाच्या आत ओलांडणार आहे.

आम्ही नोकरीत वळण मोजायचो ते दोऱ्याने. दोन माणसे २० मीटरची दोरी रुळाच्या आतल्या कडेला ताणून धरत आणि तिसरा मधोमध पट्टी लावून दोरी व रूळ यांतील अंतर वाचून दाखवी. ८७५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ते अंतर ५७ मिलिमीटर भरते, म्हणजे नुसत्या डोळ्यांनाही दिसते. ६,००० मीटर त्रिज्येच्या वळणावर, आणि अतिजलद मार्गावरची वळणे या मापाची असतात, तेच अंतर जेमतेम ८ मिलिमीटर भरेल. तेथे उभ्या माणसाला रूळ सरळच वाटणार. अशा वळणात एक-दोन मिलिमीटरची चूक झाली, तर ती दोरीला नीट सापडत नाही आणि डोळ्यांना तर मुळीच सापडत नाही, पण गाडीला सापडते.

तीही केव्हा सापडते, हे अधिक महत्त्वाचे आहे. समजा, रुळात ४० मीटर लांबीचा अगदी हलका चढउतार ओळीने पडत गेला आहे. गाडी ताशी ८० किलोमीटरने गेली, तर एका चढउताराला पावणेदोन सेकंदांहून अधिक वेळ लागेल आणि डब्याला त्याची दखलही घ्यावी लागणार नाही. तीच गाडी २०० च्या पुढे गेली की हे धक्के सेकंदाला दीड, मग ३२० ला सेकंदाला सव्वादोन असे येऊ लागतात, आणि स्प्रिंगांवर तोललेल्या डब्याचे स्वतःचे डोलणेही साधारण याच टप्प्यातले असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलका धक्का देत राहिले की तो उंच जातो, तसेच हे आहे. म्हणजे कमी वेगात जो दोष झोपलेला असतो, तो विशिष्ट वेगाला जागा होतो. जपानी रेल्वे म्हणूनच वेगवान मार्गांवर ४० मीटरच्या लांबीवर रूळ तपासते. आपल्याकडे तर गाळेच ४० मीटरचे आहेत, आणि ताणलेल्या तारांचे काँक्रीट गर्डर वर्षानुवर्षे अगदी सावकाश वाकत राहतात. त्यामुळे प्रत्येक वेगाला वेगळी परीक्षा घ्यावीच लागते. वेग थोडा वाढवायचा, नोंदी घ्यायच्या, रूळ दुरुस्त करायचे, पुन्हा त्याच वेगाने जायचे आणि मगच पुढची पायरी चढायची, असा हा क्रम असतो.

दुसरी अडचण चाकांची आहे. रेल्वेच्या चाकाचा रुळावर टेकणारा भाग किंचित निमुळता असतो, त्यामुळे जोडीची चाके चालताना थोडी डावी-उजवीकडे झुलतात. ठराविक वेगाखाली हे नागमोडी चालणे आपोआप शमते आणि त्याच्या वर गेले की वाढतच जाते. युद्धानंतरच्या जपानमध्ये गाड्या घसरण्याचे खापर अनेक अभियंते रुळांवर फोडत होते. ताडाशी मात्सुदाइरा यांनी मात्र दोष डब्याच्या स्वतःच्या कंपनात असल्याचे मांडले. ते आधी नौदलाच्या विमानविभागात होते आणि झिरो या जपानी लढाऊ विमानाच्या पंखांच्या थरथरीचा अभ्यास त्यांनी केला होता. विमानाचा माणूस रुळांकडे आला, म्हणून हे कोडे सुटले, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

एवढे करूनही जपानने कागदावर विश्वास ठेवला नाही. तोक्यो–ओसाका मार्गाचा सुमारे ३२ किलोमीटरचा तुकडा आधी पुरा करून, ओदावाराजवळच्या कामोनोमिया येथे तळ ठेवून, १९६२ च्या जूनपासून त्यावर दोन प्रायोगिक गाड्या चालवल्या गेल्या. ऑक्टोबरअखेर त्यांनी २०० चा वेग गाठला आणि ३० मार्च १९६३ रोजी २५६ चा, तोही ज्या मार्गावर प्रत्यक्ष वाहतूक २१० ने होणार होती त्यासाठी. या चाचण्यांत एक अगदी साधी गोष्ट समोर आली. वेगात बोगद्यात शिरताच डब्यातील हवेचा दाब बदलतो आणि माणसांचे कान दुखू लागतात. त्यामुळे डबे हवाबंद करण्यात आले. वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा आपला २१ किलोमीटरचा बोगदा, ज्याचा सुमारे ७ किलोमीटर भाग ठाणे खाडीखालून जातो आणि ज्यात दोन्ही रूळ एकाच नळीत आहेत, त्याची परीक्षा त्याच बोगद्यात घ्यावी लागेल. गुजरातेतल्या मोकळ्या पुलावर ती होणार नाही.

आणखी एक गोष्ट. नवा मार्ग बांधणाऱ्यांनीच तो सुरक्षित ठरवून चालत नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी आणि त्यानंतरची मंजुरी यांशिवाय त्यावरून प्रवासी नेता येत नाहीत, आणि हे आयुक्तालय रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. ही व्यवस्था कुणाला वेळखाऊ वाटेल, मला ती अतिशय मोलाची वाटते.

तोवर याच मार्गावरून आपली वंदे भारत का चालवत नाहीत? — एक वाचक, वसई

रुळांमधले अंतर वेगळे आहे. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे, तर हा मार्ग १,४३५ मिलिमीटरचा. त्यामुळे ब्रॉडगेजवरची कोणतीही प्रवासी गाडी त्यावर उभीसुद्धा राहू शकत नाही.

या प्रकल्पासाठी लातूरला भूकंपमापक बसवणार असल्याचे वाचले. मार्ग समुद्राकाठून जातो, लातूर कुठे, मुंबई कुठे! याचा उपयोग काय? — एक वाचक भगिनी, लातूर

आपण वाचलेत ते खरे आहे. या मार्गासाठी एकूण २८ भूकंपमापक ठरवले असून त्यांपैकी २२ मार्गालगत आहेत. उरलेले सहा मार्गापासून दूर, भूकंपाचा इतिहास असलेल्या भागांत आहेत. आपल्या राज्यात खेड, रत्नागिरी, लातूर आणि पांगरी, तर गुजरातेत आडेसर आणि जुने भुज.

भूकंपाच्या लाटा दोन प्रकारच्या येतात. पहिली लाट वेगवान पण सौम्य असते, तर खरी मोडतोड करणारी दुसरी लाट जवळजवळ निम्म्या वेगाने मागून येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जे झाले, ते आपल्याकडच्या लोकांना वेगळे सांगायला नको. मापक पहिली लाट ओळखतो, भूकंप किती मोठा असेल याचा अंदाज बांधतो आणि धोका दिसला तर वीजकेंद्राला संदेश पाठवतो. वरच्या तारेतील वीज बंद होते आणि वीज गेली की गाडीचे आपत्कालीन ब्रेक आपोआप लागतात. गाडीचालकाने काही ऐकण्याची वा ठरवण्याची गरज उरत नाही.

हिशेब करून पाहू. लातूरपासून मुंबई सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर आहे. सेकंदाला साडेतीन किलोमीटरने येणाऱ्या दुसऱ्या लाटेला तेथवर पोहोचायला दीड मिनिटाहून अधिक वेळ लागेल. ताशी ३२० ने जाणाऱ्या गाडीला पूर्ण थांबायला चार किलोमीटरच्या आसपास अंतर आणि साधारण दीड मिनिट लागते. तारेतून जाणारा संदेश मात्र क्षणात पोहोचतो. एवढ्या दूरच्या भूकंपाचा जोर मार्गापर्यंत पुष्कळ कमी झालेला असेल हे खरे, परंतु गाडीचा वेग जितका अधिक, तितका थोडा हादराही दुर्लक्षून चालत नाही.

२३ ऑक्टोबर २००४ रोजी जपानच्या निगाता भागात भूकंप झाला, तेव्हा ताशी सुमारे २०० ने जाणारी शिंकान्सेन, म्हणजे तेथील अतिजलद गाडी, रुळांवरून घसरली, पण तिच्यातला एकही प्रवासी दगावला नाही. भूकंप अगदी जवळचा असला तर मापकाला फारसा अवधी मिळत नाही, हाही धडा त्यातून मिळाला, आणि त्यानंतर तेथे घसरलेली गाडी रुळांपासून दूर भरकटू नये यासाठीचे उपाय करण्यात आले. आपल्या जिल्ह्यातील हे यंत्र बसवले की काम संपत नाही. त्याचा संदेश वीजकेंद्रापर्यंत जातो का आणि गाडी खरोखर थांबते का, हेही चाचणीत गाडी धावत असताना पाहावे लागते.

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चाचणीच्या गाडीत विद्यार्थ्यांना बसू द्यावे, असे मला वाटते. तशी मागणी करावी का? — एक विद्यार्थिनी, नाशिक

आपली उत्सुकता मला मनापासून आवडली, पण मागणी करू नये, असे मी सांगेन. फ्रान्समध्ये पॅरिस ते स्ट्रासबूर मार्गाचा दुसरा टप्पा तयार होत असताना, १४ नोव्हेंबर २०१५ रोजी एकवेर्सहाइम या गावाजवळ चाचणीची गाडी वळणावर घसरून कालव्याच्या पुलाशी आदळली. गाडीत ५३ जण होते, त्यांत कर्मचाऱ्यांनी हौसेने आणलेले नातेवाईक आणि काही मुलेही होती. त्यांपैकी ११ जण मृत्युमुखी पडले. त्या वळणावर चाचणीसाठी १७६ ची मर्यादा होती. ब्रेक उशिरा लावले गेले आणि गाडी २६५ च्या वेगाने वळणात शिरली.

येथे एक बारकावा लक्षात घ्या. नेहमीच्या वाहतुकीसाठी त्या वळणाची मर्यादा १६० होती, आणि चाचणीत मुद्दाम दहा टक्के अधिक वेगाने जाण्याची पद्धत आहे. जादा वेगाने जायचे, तर वेगावर अंकुश ठेवणारी स्वयंचलित यंत्रणा त्या काळापुरती अडवून धरावी लागते. म्हणजे एरवी प्रवाशाला राखणारे कवच नेमके चाचणीच्या दिवशी उतरवलेले असते आणि सारी भिस्त केबिनमधल्या माणसांच्या हिशेबावर राहते. अशा गाडीत ज्याचे काम नाही, त्याने असू नये. आपण मापनाचे काम शिकून, हातात उपकरण घेऊन त्या गाडीत चढावे, ही माझी इच्छा आहे. डब्याच्या सांगाड्यावर आणि बोगीवर, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटीवर, बसवलेल्या मापकांच्या नोंदी वाचणारी माणसे या देशाला पुढची कित्येक वर्षे लागणार आहेत.

कोकण रेल्वे दरवर्षी पावसाळ्यात सावकाश चालते. मग पालघर-ठाण्याच्या पावसात ही गाडी ३२० ने कशी चालणार? — एक वाचक, चिपळूण

या महिन्यातला हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रश्न. कोकण रेल्वेचा मार्गही ताशी १६० चा वेग डोळ्यांसमोर ठेवूनच आखलेला होता. १९९८ मध्ये तो पूर्ण खुला झाला आणि २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ डोंगरातून घसरून आलेल्या दगडमातीवर गाडी आदळून सुमारे ५० जणांचा जीव गेला. पावसाळी वेळापत्रकातला कमी वेग, उतारांवरच्या जाळ्या आणि पावसापाण्यात रूळ तपासत फिरणारे गस्तवाले, यांमागे हा अनुभव आहे. मार्ग उत्तम असून भागले नाही, शेजारचा डोंगरही मार्गाचाच भाग धरावा लागला.

अतिजलद मार्गाचा बहुतेक भाग पुलावर असल्याने भराव खचण्याची भीती त्याला कमी आहे. तोक्योच्या मार्गावर भराव नवे होते, ते मुरेपर्यंत, १ ऑक्टोबर १९६४ रोजी मार्ग सुरू झाल्यानंतरचे पहिले वर्षभर, ओसाकाच्या प्रवासाला चार तास लागत. तीन तास दहा मिनिटांचे वेळापत्रक १९६५ च्या नोव्हेंबरात आले. आपल्याला ती वाट पाहावी लागणार नाही. मात्र पालघर जिल्ह्यात सात डोंगरी बोगदे आहेत, आणि प्रत्येक बोगद्याच्या तोंडाशी कापलेला उतार आहे. कोकण रेल्वेला जे भोगावे लागले, ते अशाच कापलेल्या उतारांपायी. तेथे पर्जन्यमापक आणि वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे लागतात. किती पावसाला वेग किती उतरवायचा आणि केव्हा गाडी थांबवायची, हा तक्ताही त्याच ठिकाणच्या नोंदींवरून तयार करावा लागतो.

आणि या नोंदी दुसरीकडून आणता येत नाहीत. कामोनोमियाला एवढ्या चाचण्या करूनही जपानला पहिल्याच हिवाळ्यात सेकिगाहारा येथील बर्फाने गाठले. गाडीने उडवलेले बर्फ डब्याखाली गोठे आणि पुढे सुटून पडले की खडी उडवी. चाचणीचा तुकडा समुद्राजवळचा, तेथे बर्फ पडतच नव्हता, मग हे कळणार कसे? शेवटी रुळांकडेला पाण्याचे फवारे बसवून आणि वेग उतरवून मार्ग काढावा लागला. आपला सेकिगाहारा पालघर आणि ठाणे येथे आहे, आणि त्याचा महिना जुलै आहे. सुरत भागातल्या चाचण्या कितीही चांगल्या झाल्या, तरी महाराष्ट्रातल्या १५६ किलोमीटरांवर जून ते सप्टेंबर असा एक अख्खा पावसाळा रिकामी गाडी पूर्ण वेगाने चालवून पाहिल्याखेरीज तिकीटविक्रीची तारीख जाहीर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.